डावा हात शांत आहे

११ फेब्रुवारी

उजवा हात पुन्हा सुजलाय. डावा शांत.

सकाळी ताईचे केस विंचरत होते. तिचे दोन्ही हात मांडीवर, शेजारी शेजारी ठेवलेले. उजव्याची पेरं फुगलेली, कातडी ताणून चकचकीत झालेली. डावा मात्र बारीक, नितळ, बोटं सरळ. तिच्या विशीतल्या फोटोत आहे तसाच! संधिवातानं इतकी वर्षं दोन्ही हातांना सारखंच छळलं, कधी दुजाभाव केला नाही. नोव्हेंबरात तिला झटका आला, डावी बाजू लुळी पडली, आणि त्या बाजूचा संधिवातही हळूहळू गाशा गुंडाळून गेला.

असं होतं हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहून ठेवलंय. माझं तर पोटच त्यावर चालतं. पण छापलेलं वाचणं वेगळं आणि आपल्याच बहिणीच्या मांडीवर ते रोज बघणं वेगळं.

"काय बघत बसलीयस? गुंता काढ," ताई म्हणाली.

१३ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत उंदरांच्या तिसऱ्या तुकडीची मोजणी संपली. निकाल आधीच्या दोन तुकड्यांसारखाच.

काम तसं सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. माझा सहकारी दाढी उंदराला भूल देतो आणि मागच्या एका पायाची नस, म्हणजे मज्जातंतू, कापतो. (त्याला सगळे दाढीच म्हणतात. बायकोसुद्धा.) दुसऱ्या पायाला नुसती चीर देऊन टाके घालायचे, नस तशीच ठेवायची. दोन आठवड्यांनी दोन्ही घोट्यांत सूज आणणारं इंजेक्शन. मग मी व्हर्नियर घेऊन घोटे मोजते. कोणत्या पायाची नस कापलीय ते मला सांगायचं नाही, असा नियम. माहीत असलं की डोळा बेइमानी करतो.

कापलेल्या नसेचा पाय निम्माच सुजतो. तिन्ही वेळा तेच. सर खूश. चौथी तुकडी जानेवारीतच कापून ठेवलीय, ती मोजली की लेख लिहायला घ्या म्हणाले.

१६ फेब्रुवारी

ताईनं आज स्वतःहून विचारलं. "माझा डावा का नाही गं सुजत?"

मग काय, माझ्यातल्या बाईंनी खडू घेतला! अर्धा तास बोलले. सांगितलं की नसेचं टोक नुसतं दुखण्याची खबर मेंदूकडे नेत नाही, ते उलटं सांध्यातही काही सोडतं. बारीक बारीक रेणू. पेप्टाइड म्हणतात त्यांना. सांध्याच्या अस्तरात मास्ट पेशी बसलेल्या असतात, पोटात दारूगोळा भरून. नसेतून सबस्टन्स पी नावाचं पेप्टाइड सुटलं की त्या फुटतात, रक्तवाहिन्या गळायला लागतात, बाकीच्या लढवय्या पेशी धावत येतात. त्याच आणखी गरळ ओकतात, त्यानं नस आणखी खवळते, ती आणखी पेप्टाइड सोडते. एकमेकींना चिथावणं चालूच.

"आणि माझी नस?"

"तुझी नस जागेवर आहे. उंदराची आम्ही कापतो, तुझी कापलेली नाही. पण वरून मेंदूचा हुकूमच येत नाही. म्हणून तीही गप्प असावी. नक्की का ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही."

तिनं उजव्यानं डावा हात उचलून समोर धरला.

"म्हणजे हा सुटला?"

"सुटला. तिथे आता ती कटकट नाही."

"चला, एक तरी हात धड राहिला," ती म्हणाली. आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसली. मलाही फार बरं वाटलं. शिकल्याचा घरात काहीतरी उपयोग झाला.

२० फेब्रुवारी

जुना व्हर्नियर घरी आणला. दर रविवारी ताईची पेरं मोजणार. दोन्ही हात. ताई म्हणते, "प्रोफेसरीणबाई, अंगठीचं माप घेताय का?"

२ मार्च

कवळीकाका येऊन गेले.

काका आणि ताई गेली कित्येक वर्षं एकाच कारखान्यात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार माणसं. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, हे लोक कवळ्या आणि दात बनवून देतात. काका मालक. ताई मेणात दात कोरते. खिडकीजवळची खुर्ची तिची, तिथे उजेड चांगला येतो म्हणून. मी तिथे गेले की माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची, "तुझा वरचा सुळा वाकडा आहे, पण तसाच ठेव, चेहऱ्याला शोभतो." हे बहिणीचं प्रेम!

ताई डावखुरी. हे लिहायला नको, पण लिहिते. गेला तो कामाचा हात गेला. उरला तो सुजलेला उजवा.

काकांनी मेणाची वडी आणि तिची कोरणी आणली होती. "बघ, उजव्यानं जमतंय का. घाई नाही." ताईनं कोरणी उजव्या हातात धरली. दाढ कोरायला घेतली. थोड्याच वेळात कपाळावर घाम. दाढ कसली, चुरगळलेला बोळा झाला. काकांनी तो उचलून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कुणाच्या तरी तोंडात बसेल." तिघंही हसलो. मला रडू येत होतं.

जाताना जिन्यात मला म्हणाले, "खुर्ची मी मे अखेरीपर्यंत रिकामी ठेवतो. त्यापुढे मला माणूस घ्यावाच लागेल. तिला आत्ता सांगू नकोस."

ती काय बहिरी आहे का! दार उघडंच होतं.

३ मार्च

"ऐकलं मी काल," ताई. एवढंच. मग म्हणाली फिजिओथेरपीच्या व्यायामवालीला आठवड्यातून तीनदा बोलव.

९ मार्च

घात झाला. ताईचा डावा हात गरम किटलीला टेकला आणि तिला कळलंच नाही.

मी कपडे वाळत घालत होते. आत आले तर ही शांतपणे पेपर वाचतेय आणि हाताची कड किटलीला चिकटलेली. वास मला आधी आला. हात ओढून काढला तेव्हा तिनं वर बघितलं, "काय झालं?" म्हणाली.

"काय झालं म्हणजे! भाजलंय!"

"हो का?" असं म्हणून तिनं फोडाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं. तिचा आवाज थंड. "तुझा शांत हात," म्हणाली. "फार शांत आहे बाई."

२४ मार्च

भाजलेलं भरून येत नाहीये. एव्हाना खपली धरायला हवी होती. औषध वेळेवर, पट्टी मी स्वतः बदलते. तरी जखम ओली ती ओलीच.

ताईनं विचारलं तेव्हा उरलेलं सांगावंच लागलं. त्या दिवशी मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती, कारण अर्धी गोष्ट गोड होती. नस फक्त चिथावते असं नाही. व्हीआयपी म्हणून दुसरं एक पेप्टाइड आहे, तेही नसांच्याच टोकांतून सुटतं. ते त्याच लढवय्या पेशींना सांगतं, झालं तेवढं पुरे, आता आवरा. मग त्या पेशी शांत होतात, काही तर डागडुजीला लागतात. चिथावणारं पेप्टाइडसुद्धा जखमेच्या पहिल्या दिवसांत उपयोगाचं, ते नवं रक्त तिकडे बोलावतं. नस मुकी झाली की भांडण थांबतं, पण दुरुस्तीही रेंगाळते.

"म्हणजे भांडण लावणारी आणि सोडवणारी एकच?" ताईनं विचारलं.

"घर एक. माणसं वेगळी."

"आपल्या घरासारखंच," ती म्हणाली. आईची आठवण काढून दोघी हसलो. आई दोन्ही कामं एकटीच करायची.

पण नंतर ती म्हणाली, "काही का असेना. दुखत नाही ना. दुखण्याचा मला फार कंटाळा आलाय गं." मी पट्टीची गाठ मारली. उजव्या हाताच्या दुखण्यानं ती पहाटे कशी कण्हते ते मी ऐकते ना.

३ एप्रिल

उंदरांच्या खोलीचं थंड हवेचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून फेब्रुवारीअखेर सगळ्या मोजण्या बंद केल्या. दोन दिवसांचं काम होतं, महिना उलटला. चौथी तुकडी दुसऱ्या इमारतीत नुसती खाऊन पिऊन बसलीय. दाढी म्हणतो, पेन्शनरांसारखी जाडजूड झालीत.

१० एप्रिल

व्यायामवाली आज माझ्याशी एकटीशी बोलली. चांगली मुलगी आहे, उगाच गोड बोलत नाही. खांदा थोडा सुधारलाय, कोपरही किंचित. बोटांत मात्र काही नाही. पहिल्या सहा महिन्यांत जे यायचं ते बरंचसं येतं, नंतर वेग मंदावतो, असं म्हणाली. "पण मी आशा सोडलेली नाही. आणि हाताला सूज दिसली तर लगेच कळवा. लोंबकळत राहून पाणी साचतं, कधी खांद्यातून दुखणं उतरतं. अंगावर काढायचं नाही."

मी म्हटलं, सूज? त्या हाताला? त्याला तर सुजायचं माहीतच नाही.

भाजल्याची जखम मात्र भरत आलीय एकदाची.

१७ एप्रिल

ताईनं डाव्या हातात लोकरीचा हातमोजा घालायला सुरुवात केलीय. हात गार पडतो म्हणे. पडतोच. आज मोजणी नको म्हणाली. बरं.

२२ एप्रिल

भांडण. मोठ्ठं.

चूक कुणाची ते आज लिहीत नाही, डोकं तापलंय. झालं ते असं. सरांना मी ताईच्या हातांबद्दल बोलले होते. ते उत्साहानं म्हणाले, "दोन्ही हातांचा एक फोटो काढून आणा. लेखाच्या शेवटी ठेवू. परवानगीचा कागद मी देतो." मला ते पटलं. उंदरांचे पाय दाखवून झाले की माणसाचे हात. वाचणारा विसरणार नाही.

घरी आल्या आल्या ताईला म्हटलं, मोजा काढ, फोटो काढायचाय.

"नाही."

"अगं, चेहरा नाही येणार. फक्त हात."

"हात माझाच आहे ना? नाही म्हटलं."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं रविवारी मोजू दिलं नाहीस, व्यायामाला आज नको उद्या नको करतेस, ती मुलगी एवढी धडपडतेय आणि तू मोजा घालून बसतेस. काकांच्या खुर्चीचं काय? बसल्या बसल्या मिळणार आहे का?

 ताई अगदी हळू म्हणाली, "मी तुझा उंदीर नाहीये. कुठली बाजू कापलीय ते तुला माहीत नसतं म्हणतेस ना? खरंच माहीत नाही तुला."

आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पाय ओढत गेली. तो आवाज अजून कानात आहे.

२३ एप्रिल

बोलत नाही. मीही नाही.

२६ एप्रिल

बोलतो, पण मीठ दे, पंखा लाव एवढंच. मोजा तसाच. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालंय आणि ही लोकरीत!

५ मे

चौथी तुकडी अखेर मोजली. काहीतरी गडबड आहे.

दोन्ही घोटे सुजले. डावा उजवा सारखेच! मला वाटलं व्हर्नियर बिघडला. दुसरा आणला. तोच आकडा. दाढीला म्हटलं यादी बघ, तू या तुकडीची नस कापलीस का नुसते टाकेच घातलेस? तो असा काही तडकला की विचारू नका. "माझ्या हातावर शंका घेतेस? इतकी वर्षं काम करतोय तुझ्याबरोबर!"

म्हटलं हातावर नाही रे, यादीवर. पण घेतलीच होती मी शंका. त्यालाही कळलं.

६ मे

सरांनी पाच मिनिटांत निकाल लावला. "शस्त्रक्रिया फसली. तुकडी बाद करा. तीन आहेत, पुरेत."

दाढी उभाच राहिला. "फसलेली नाही सर. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक उंदीर पाय ओढत होता. मी स्वतः बघितलंय."

"मग सूज कशी आली?"

दाढी यादीची पानं उलटायला लागला.  सर म्हणाले, जे आपल्या म्हणण्यात बसत नाही ते सगळंच महत्त्वाचं नसतं, काही नुसतं खराब काम असतं. बरोबर आहे त्यांचं. बहुतेक वेळा असतं.

बाद करायच्या कागदावर मी सही केली नाही अजून. करीन. दाढीचं तोंड बघवत नाही म्हणून थांबलेय.

१० मे

व्यायामवालीला ताईनं दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा. डोकं दुखतंय म्हणे.

१४ मे

ताईनं काकांना फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, ऐकायचं नव्हतं पण ऐकू आलं.

"खुर्ची देऊन टाका. हो, विचार करूनच सांगतेय. नाही हो, आता नाही जमायचं. आता दोन्ही हात गेले माझे."

मग बराच वेळ काकाच बोलत असावेत. ही नुसती हं हं करत होती. शेवटी म्हणाली, "कोरणी मात्र कुणाला देऊ नका. ती मला हवी."

मी पीठ मळत होते, ते तसंच हाताला लावून दारात गेले.  तिनं बघितलं आणि म्हणाली, "पोळ्या जाड करू नकोस." मी आत येऊन ओट्याशी उभी राहिले आणि खूप रडले. खुर्ची गेली. खिडकीजवळची. ती तिथे नसेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

दोन्ही हात गेले म्हणे! उजवा काही गेलेला नाही, नुसता सुजलाय. निराश झाला की माणूस सगळंच काळं रंगवतो.

१५ मे

काका फोनवर मला म्हणाले, एक माणूस बघितलाय, तेवीस तारखेपासून येईल. "तिचं मन वळव ना." मी काय वळवणार. माझ्याशी ती धड बोलते कुठे.

२० मे

लिहिताना हात थांबत नाहीये!

चौथ्या तुकडीतले काही उंदीर अजून पिंजऱ्यात होते. (सही केली नव्हती ते बरं झालं.) आज दाढीनं त्यातल्या एकाला सहज शेपटीनं उचललं आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. "इकडे ये. बोटं बघ."

निरोगी उंदराला शेपटीनं उचललं की तो मागच्या पायांची बोटं पंख्यासारखी फाकवतो. नस कापलेल्याची बोटं मिटून लोंबतात. हा दोन्ही पायांची फाकवत होता. दुसरा उचलला. त्याचंही तेच. तिसरा, चौथा, सगळे!

"जानेवारीत मिटलेली होती," दाढी म्हणाला. "लिहून ठेवलंय मी. मिटलेली होती!"

आम्ही धावत सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत. घोट्यांचे काप तयार होते, पण बाद म्हणून कुणी बघितलेच नव्हते. रंग दिला की नसा हिरव्या चमकतात, मास्ट पेशी लाल. पहिल्या तीन तुकड्यांच्या कापलेल्या बाजूला नुसती लाल ठिपक्यांची पसरण होती, हिरवं काही नाही. आणि इथे? बारीक, वेडेवाकडे, नवे कोवळे हिरवे धागे. लाल ठिपक्यांना जाऊन भिडलेले. यंत्र बिघडलं, कापणीला तीन महिने उलटून गेले आणि तेवढ्यात नस परत वाढली. बाकी काहीच झालं नव्हतं. कापणी बरोबर होती, मोजणी बरोबर होती. चुकत होतो ते आम्ही.

सूज आली ती काम फसलं म्हणून नाही. नस परत आली म्हणून!

दाढी त्या अंधाऱ्या खोलीत अक्षरशः नाचला. स्टूल पाडलं. सर आले, त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं. मग म्हणाले, "आणि मी हे फेकायला सांगितलं होतं." दाढी म्हणाला, "हो सर." फार गोड आवाजात म्हणाला, लबाड.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. घरी ताई झोपली होती. पंखा चालू, पांघरूण पायाशी. हातात मोजा.

२२ मे

भाजी निवडताना एकदम डोक्यात आलं. काकांना ती 'दोन्ही हात गेले' का म्हणाली?

निवडलेलं तसंच टाकून तिच्या खोलीत गेले. मोजा काढ म्हटलं. तिनं हात पदराखाली घेतला. उजव्यानं उचलून घेतला. मी शेजारी बसले आणि हळूच मोजा ओढला. मधल्या दोन बोटांची पेरं फुगलेली. लाल. गरम.

"तुला नव्हतं सांगायचं," ती म्हणाली. "हा सुटला म्हणालीस ना? त्यालाही लागली कीड." आणि रडायला लागली. एप्रिलपासून एकटीनं लपवून ठेवलं होतं तिनं. मी सांगितलेली गोष्ट खरी मानून.

मी मधलं पेर दाबलं. मुद्दाम.

ती किंचाळली आणि हात मागे खेचला. डावा. कुणी न उचलता.

वरून हुकूम पुन्हा यायला लागला होता! मग मी उठून काकांना फोन लावला. ओरडलेच, तो उद्याचा माणूस दुसऱ्या खुर्चीवर बसवा. मग व्यायामवालीला लावला. ताई मागून बडबडत होती, "अगं, मला दुखतंय आणि तू हसतेस काय!"